बोलायचं काम माझं

सोमवार, ८ जानेवारी

साहेब गेले. म्हणजे वारले नाहीत, दुसऱ्या वाहिनीवर गेले. पण आज स्टुडिओतली तोंडं बघून कुणाला फरक कळला नसता. रविवारचा आमचा कार्यक्रम म्हणजे साहेब आणि साहेब म्हणजे रविवारचा कार्यक्रम, असं गेली कित्येक वर्षं चाललं होतं. गाणी, कसरती, नकला, कोडी, काय वाटेल ते असो, मधे उभे साहेब. जाताना दोन्ही लेखक आणि वाद्यवृंदातला ढोलकवाला घेऊन गेले. आपली आरामखुर्चीसुद्धा नेली.

दुपारी कॅप्टनने मला आत बोलावलं. कॅप्टन म्हणजे आमची दिग्दर्शिका. बूट वाजवत चालते, म्हणून नाव पडलंय. मी मनाची तयारी करून गेले. साहेबच नाहीत तर मला कोण ठेवणार? मी कार्यक्रमात असते, पण टीव्हीवर दिसत नाही. कॅमेरे सुरू व्हायच्या आधी स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर उभं राहायचं, त्यांना हसवायचं, टाळ्यांसाठी हात सैल करून घ्यायचे, ज्यांना खोकायचं असेल त्यांना आधीच खोकायला लावायचं, हे माझं काम. वॉर्म-अप म्हणतात त्याला. चूल मी पेटवायची आणि भांडं साहेबांनी चढवायचं.

"रविवारी तू उभं राहायचंस," कॅप्टन म्हणाली.

"मी उभीच असते."

"कॅमेऱ्यासमोर."

मी हसले. ती हसली नाही. वरच्या मजल्यावरच्यांनी सांगितलंय, मार्चअखेरपर्यंत चालवून बघा, नाही चाललं तर गाशा गुंडाळा. बाहेरून मोठं नाव आणायला कुणी तयार नाही. बुडत्या जहाजावर कोण चढणार?

"म्हणून मी?"

"म्हणून तू नाही. सात वर्षं मी तुला वॉर्म-अप करताना बघतेय. पुष्कळदा वाटायचं, आता साहेब आले नाहीत तरी चालेल."

हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय. वाईट दिवसांत वाचायला.

घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार काढून बिजागरी बसवत होती. तोंडात दोन स्क्रू. बातमी सांगितली तर स्क्रूंच्या आडून "बरं झालं" म्हणाली आणि मला दार धरून ठेवायला लावलं. नवऱ्याने मात्र दुकानातून (त्याचं चष्म्याचं दुकान आहे) येऊन मला चक्क उचललं, मग पाठ धरून बसला.

आज बाबा हवे होते. 'प्रोफेसर' हे त्यांचं रंगमंचावरचं नाव ऐकलं की अजून कुणीतरी जुना माणूस थबकतो. काय जादूगार होते! हजार माणसांचं नाट्यगृह नुसत्या बोलण्यावर मुठीत ठेवायचे. आई शेजारी चमचमता झगा घालून उभी असायची, पेटीत झोपायची, बाहेर यायची, हसायची. बोलत नसे. माझ्यात जे काही आहे ते बाबांचं आहे. रक्त आहे ते.

रविवार, १४ जानेवारी

झालं एकदाचं. चांगलं की वाईट, मला कळेना. कार्यक्रम सकाळी चित्रित होतो आणि संध्याकाळी दाखवतात, त्यामुळे सगळ्या घरासोबत बसून स्वतःला बघायची शिक्षाही भोगली. मी साहेबांसारखे हात हलवत होते. बाबांसारख्या भुवया उडवत होते. माझं असं अंगावर फक्त पोलकं होतं.

एक मुलगी चाकावरून कसरत करत होती आणि मी तिच्यापुढे उभी राहून तिच्याबद्दल बोलत होते. बोलत होते, बोलत होते. चाक मागे फिरतंय आणि पुढे मी!

नवरा म्हणाला, "छान. आवाज छान होता." बिचारा.

आई म्हणाली, "पाहणारे तू जिकडे बघशील तिकडेच बघतात. तू कॅमेऱ्याकडे बघत होतीस, म्हणून ते तुझ्याकडे बघत बसले. पोरीकडे बघ की."

हे बाबांचंच वाक्य असणार. ऐकून ऐकून आईला पाठ झालेलं. बाबा गेल्यावरही त्यांची विद्या घरात अशी सांडलेली सापडते.

बुधवार, २४ जानेवारी

वर्तमानपत्रात आलं आहे: 'साहेबांचे बूट रिकामे आहेत आणि त्यात कुणीतरी सँडल घालून उभं आहे.' पुन्हा वाचलं. मग वाटलं, सँडल छान होत्या माझ्या.

प्रेक्षकसंख्या निम्म्याने घसरली. वरच्यांपैकी एक जण लिफ्टमध्ये भेटला. "काळजी करू नका," असं म्हणाला आणि माझा मजला यायच्या आधीच उतरला.

आईने आज मला दिवाणखान्यात उभं केलं आणि स्वतः सोफ्यावर बसली. "बाबा काय करायचे, दाखवू?" असं मीच म्हणाले होते. मी त्यांची सुप्रसिद्ध सुरुवात करून दाखवली, हात पसरून, आवाज खाली आणून. आई बघत राहिली. म्हणाली, "त्यांना इतकं बोलावं लागायचं, कारण मागे पेटीत वेळ लागत असायचा. तुझ्या मागे काय चाललेलं असतं?"

"काहीच नाही."

"मग कशाला बोलतेस?"

आईला निवेदनातलं काय कळणार, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. पण रात्रभर तेच डोक्यात.

रविवार, ११ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा!

दोन जावा आल्या होत्या. थोरली लठ्ठ आणि गंभीर, धाकटी काडीसारखी आणि सतत हसणारी. पाणी भरलेल्या बाटल्यांवर सूर वाजवतात. घरी भांडी घासताना शोध लागला म्हणे. बाटल्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत पाण्याची वेगळी पातळी, प्रत्येकीचा वेगळा सूर. सुरुवात सुरेख झाली आणि दुसऱ्याच कडव्याला धाकटीचं कोपर लागून एक बाटली खाली. खळ्ळकन. पाणी, काचा, शांतता.

थोरलीने धाकटीकडे अशी नजर टाकली की त्या घरातलं पुढचं वर्ष मला स्पष्ट दिसलं. धाकटीचं हसू गेलं. हनुवटी थरथरायला लागली. वरच्या नियंत्रण कक्षातून इयरफोनमध्ये कॅप्टनचा आवाज आला, "थांबवू का? पुन्हा घेऊ?"

मी मानेनेच नको म्हटलं. का, ते मलाही माहीत नव्हतं. मी कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि धाकटीकडे बघितलं. "कुठला सूर गेला?" मी विचारलं.

"मधला," ती म्हणाली. "सगळ्यात जास्त लागणारा."

"गाऊन दाखवा."

तिने बारीक आवाजात दाखवला. मग मी प्रेक्षकांकडे वळले. हे तर माझं अंगण! सात वर्षं मी ह्याच खुर्च्यांना टाळ्या शिकवल्यात. म्हटलं, "मंडळी, एक बाटली कमी आहे. आजच्यापुरते तुम्ही बाटली व्हा. मी हात वर केला की हा सूर. खोकून घ्यायचं असेल तर आत्ताच घ्या."

आणि झाले ते बाटली! दोनशे माणसांची एक बाटली. पहिल्यांदा उशीर केला, दुसऱ्यांदा घाई केली, तिसऱ्यांदा असा सूर लागला की थोरलीच्या हातातली काठी थांबली आणि ती तोंड उघडं टाकून ऐकत राहिली. मग हसली. तिला हसताना बघून धाकटी रडली. शेवटपर्यंत वाजवलं त्यांनी, सगळा स्टुडिओ गात होता, मागे दिव्यांच्या शिडीवर चढलेला माणूससुद्धा.

मी एका कडेला उभी होते. मी पूर्ण गाणं एक शब्द बोलले नाही. आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की मी कार्यक्रम चालवतेय.

कॅप्टन खाली आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि बूट आपटून सलाम ठोकला. तिच्याकडून हे म्हणजे पदकच.

घरी आईने मला आवडतं तसं, काठ कुरकुरीत केलेलं अंडं समोर ठेवलं. बाबांनी पाहायला हवं होतं.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दोन जावांचा तुकडा लोक एकमेकांना फोनवर पाठवताहेत. फळवाल्याने मला बघून तो मधला सूर लावला. बँकेतल्या बाईंनी लावला. नवऱ्याच्या दुकानात एक आजोबा डोळे तपासून घ्यायच्या निमित्ताने आले आणि म्हणाले, "तुमच्या मिसेसना सांगा, साहेब असते तर त्यांनी दोघींची टिंगल केली असती." नवऱ्याने त्यांना चष्मा पुसायचं कापड फुकट दिलं.

हे लिहिताना माझी मान जरा ताठ आहे, कबूल. राहू दे आजचा दिवस.

सोमवार, ४ मार्च

प्रेक्षक वाढले, पण वरच्यांचं समाधान नाही. त्यांना शेवटची परीक्षा घ्यायची आहे. सतरा मार्चचा कार्यक्रम थेट प्रक्षेपित करायचा, म्हणजे जे स्टुडिओत घडेल ते त्याच क्षणी घरोघरी. पुन्हा घेऊ नाही, कापू नाही. तो चालला तर पुढचं वर्ष मिळेल.

"काय करायचं?" कॅप्टनने विचारलं.

माझं उत्तर तयार होतं. जादू. संपूर्ण कार्यक्रम प्रोफेसरांच्या आठवणीचा. त्यांचे जुने फोटो, त्यांना पाहिलेले लोक, आणि शेवटी एक मोठा प्रयोग. आईला पहिल्या रांगेत बसवून फुलं द्यायची. कॅप्टनला कल्पना एकदम पटली.

आईला सांगितलं. ती शिवण करत होती. "फुलं कशाला?" म्हणाली. मग एक टाका घालून, "प्रयोग कोण करणार?"

दातांचे एक डॉक्टर आहेत. हौशी, पण हात चांगला. स्वतः बांधलेल्या कपाटात बायकोला उभं करून अदृश्य करतात आणि परत आणतात.

"स्वतः बांधलेलं?" आईने सुई थांबवली.

आज बाबांच्या आठवणी लिहून काढायला बसले. निवेदनात वापरायच्या आहेत. ज्या वर्षी आईला टायफॉइड झाला, त्या वर्षी बाबांनी सगळा दौराच रद्द केला. एकही प्रयोग केला नाही. बायकोवर इतकं प्रेम किती पुरुष करतात? दौऱ्यावर असताना रोज सकाळी चहा पिताना ते आईला विचारायचे, "आज काय करायचं?" एवढा मोठा कलावंत, पण घरात किती नमतं घ्यायचा! आणि मी लहानपणी कुठल्याही जादूचं गुपित विचारलं की डोळे मिचकावून म्हणायचे, "आईला विचार." आईला! म्हणजे गुपित बाहेर जाणारच नाही. असे मिश्कील.

हे सगळं सतरा तारखेला सांगणार आहे.

शनिवार, १६ मार्च

रंगीत तालीम. आई नको म्हणत असताना नवरा तिला घेऊन आला.

डॉक्टर फार गोड माणूस आहे. हात पुन्हा पुन्हा पुसतो. बायको शांत, ठेंगणी, त्यांच्याच दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. कपाट उद्यासाठी नवं रंगवून आणलंय, लालबुंद. प्रयोग व्यवस्थित झाला. ती आत गेली, दार लावलं, उघडलं, कपाट रिकामं. पुन्हा लावलं, उघडलं, हजर.

सगळे टाळ्या वाजवत होते तेवढ्यात बघते तर आई रंगमंचावर! कपाटाच्या कडेवरून बोट फिरवतेय. "रंग कधी दिलात?" डॉक्टरांना विचारलं.

"काल संध्याकाळी, मावशी."

"आतूनही?"

"हो. छान दिसावं म्हणून."

"दिव्यांचा ताप फार असतो हो," आई म्हणाली. मग डॉक्टरांच्या बायकोला म्हणाली, "आत कोंडल्यासारखं होतं का? झालं तर तोंडाने नाही, नाकाने श्वास घ्यायचा. आणि मनात गाणं म्हणायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या थेट प्रक्षेपण आणि माझी आई पाहुण्यांना श्वास घ्यायला शिकवतेय. हाताला धरून खाली आणलं. जाताना तिने एकदा वळून कपाटाकडे बघितलं.

सोमवार, १८ मार्च

काल लिहिता आलं नाही. आता सकाळ आहे, समोर चहा आहे, सगळं क्रमाने लिहिते.

कार्यक्रम पहिल्यापासून रंगला. बाबांचे फोटो आले, त्यांच्या वेळच्या एका तिकीटविक्रेत्याने आठवणी सांगितल्या, मी टायफॉइडची गोष्ट सांगितली तेव्हा बायका डोळे पुसत होत्या. आईला फुलं दिली. ती गुच्छ मांडीवर घेऊन बसली.

मग डॉक्टर. बायको कपाटात गेली. दार लागलं. उघडलं, रिकामं. टाळ्या. पुन्हा लावलं. डॉक्टरांनी हात फिरवले, उघडलं.

रिकामं.

लोक हसले. त्यांना वाटलं, गंमत आहे. डॉक्टरांनी पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. रिकामं. आता हसू थोडं कमी. मी डॉक्टरांकडे बघत होते आणि त्यांच्या कानामागून घाम उतरताना मला दिसला. आणि मी एवढ्या जवळ होते की मला ऐकू आलं. आतून, बोटाच्या पेराने लाकडावर मारल्यासारखं. टक, टक.

ती अडकली होती.

कानात कॅप्टन, "काय चाललंय? जाहिरात लावू का? बोल!" जाहिरात लावली असती तर संपलंच. डॉक्टर संपले, कार्यक्रम संपला, देशभर हसू. आणि नाही लावली तर आत एक बाई श्वास कोंडून उभी. जाहिरात लाव, असं मी म्हणणार होते. माणसापेक्षा कार्यक्रम मोठा नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. गुच्छ शेजारच्याच्या मांडीवर ठेवला. पायऱ्या चढून वर आली, एकाहत्तर वर्षांची, साध्या करड्या साडीत, आणि कुणीतरी खडूस म्हातारी बोलेल तशा आवाजात, मी कधीही न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "मला नाही पटत! मी तपासणार कपाट."

लोक खदखदून हसले. आणि मग ती माझ्या जवळून जाताना ओठ न हलवता म्हणाली, "तू बोल. माझ्याकडे बघू नकोस."

मी बोलले. काय बोलले ते मला आत्ता आठवत नाही. आज सगळे सांगताहेत की फार विनोदी होतं. मी प्रेक्षकांना जादूवर विश्वास नसलेल्या सगळ्यांनी हात वर करा म्हटलं, मग नवऱ्यावर विश्वास नसलेल्यांनी करा म्हटलं. मी प्रेक्षकांकडे बघत होते, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं. आई कपाटाला ठोकतेय. वर, खाली, डावीकडे. लोकांना वाटावं संशयी म्हातारी तपासतेय. आत डोकावली, बाहेर आली, मागच्या बाजूला गेली, आणि कंबरेने, फक्त कंबरेने, एका ठरावीक जागी एक धक्का दिला. अगदी छोटा. गर्दीत वाट काढताना देतो तसा.

मग पुढे येऊन नाक मुरडून म्हणाली, "काही नाही त्यात. लाकूड आहे नुसतं. लावा दार."

डॉक्टरांनी दार लावलं. उघडलं.

बायको उभी होती. केस विस्कटलेले, गाल लाल, आणि चेहऱ्यावर असं हसू की लोकांनी खुर्च्या सोडल्या. टाळ्या थांबेनात. डॉक्टर तिला मिठी मारून रडत होते आणि सगळ्यांना वाटलं, केवढा अभिनय! आई केव्हाच खाली जाऊन बसली होती. गुच्छ परत मांडीवर.

कुणाला कळलं नाही. कॅप्टनलाही नाही. मला कळलं. कारण एवढं नेमकं कुठे धक्का मारायचा हे पेटीत झोपून हसणाऱ्या बाईला माहीत नसतं. ज्याने पेट्या बांधल्यात त्याला माहीत असतं.

आज सकाळी विचारलं. ती पावाला लोणी लावत होती.

"तुला कसं कळलं?"

"आत रंग दिला की चोरफळीची खिटी चिकटते. मी म्हटलं होतं ना दिव्यांचा ताप असतो."

"हे बाबांनी शिकवलं तुला?"

आई हसायला लागली. इतकी की तिला सुरी खाली ठेवावी लागली. "तुझ्या बाबांनी? खिळ्याचं डोकं कुठलं हे त्यांना सांगावं लागायचं."

"मग पेट्या?"

"मी बांधायचे."

"आणि प्रयोग?"

"मी बसवायचे. रोज सकाळी त्यांना सांगायचे, आज असं असं करायचं. ते बोलायचे. आणि काय बोलायचे गं! त्यांनी तोंड उघडलं की मला माझ्याच जादूचं नवल वाटायचं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या चेहऱ्यावर आलंय ते पुसून टाक. मला कुणी फसवलं नाही. मला चार माणसांत बोलायचं म्हटलं की घशाला कोरड पडते. मला हात होते, त्यांना तोंड होतं. बरं चाललं आमचं."

"पण नाव एकट्याचं!"

"माझ्या नावाचं तेव्हा कोण तिकीट काढणार होतं?" एवढं बोलून तिने पाव माझ्याकडे सरकवला.

दौरा रद्द. "आज काय करायचं?" "आईला विचार." हे सगळं मी दोन आठवड्यांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिलंय आणि काल सगळ्या देशाला सांगितलंय. बाबा तर मला खरंच सांगत होते की!

बुधवार, २० मार्च

कार्यक्रमाला पुढचं वर्ष मिळालं. पूर्ण वर्ष. कॅप्टनने फोनवर सांगितलं आणि पाठीमागून बुटांचा आवाज आला, नाचत असावी. साहेबांनीही निरोप पाठवला, "म्हातारीचा विनोदी प्रवेश कुणी लिहिला? लेखक मिळेल का?" मी कळवलं, मिळणार नाही.

मला आनंद झालाय, पण पुरता नाही. माझं काम काय? लोकांसमोर माणूस आणायचा आणि सांगायचं, बघा, हे कोण आहेत. आणि घरातल्या माणसाबद्दलच मला बोलता येत नाही. कपाटाची गोष्ट सांगितली तर डॉक्टरांची शोभा होते. "ते चालणार नाही," आईने आधीच बजावलंय. "चांगला माणूस आहे. शिकेल." काल तो कपाट घेऊन आमच्या घरी आला होता. दोघं मागच्या अंगणात तासभर खिटी घासत होती.

"मग तूच ये," मी म्हटलं. "येत्या रविवारी. तुझा प्रयोग."

"वेड लागलंय का? मी काय बोलणार?"

"तू बोलू नकोस. बोलायचं काम माझं."

आईने हाताची बोटं उघडमीट करून बघितली, जशी नवऱ्याची गिऱ्हाइकं चष्मा लावून अक्षरं बघतात. "दोरी लागेल," म्हणाली. "सुती. आणि कात्री माझी."

शनिवार, २३ मार्च

तालीम. आईने सगळ्या स्टुडिओला कामाला लावलं. बोलली एकूण दहा वाक्यं असेल, पण दिवा हलला, पडद्याचा रंग बदलला, दोन नंबरचा कॅमेरा चार पावलं मागे गेला. कॅमेऱ्यावरचा माणूस कुणाचं ऐकत नाही, तो "हो, मावशी" म्हणत होता. कॅप्टन माझ्या कानात कुजबुजली, "ही तुझी आई आहे की माझी वरिष्ठ?"

मी नुसती बघत उभी होते. अभिमानाने छाती भरून येते म्हणतात ना, ते खरंच छातीतच होतं. ब्लाउजची बटणं घट्ट झाल्यासारखं.

सोमवार, २५ मार्च

मी तिला जादूगार म्हणून बोलावलं. 'प्रोफेसरांच्या पत्नी' नाही, 'माझी आई' नाही. म्हटलं, "ज्यांनी प्रोफेसरांचे सगळे प्रयोग रचले, बांधले आणि बसवले, त्या जादूगार आज पहिल्यांदाच एकट्या आपल्यासमोर येताहेत." प्रेक्षकांत कुजबुज झाली. गेल्या रविवारची खडूस म्हातारी ओळखून कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं.

ती आली. दोरी हातात घेतली. मी एक हातभर अंतरावर उभी होते. मी थोडं बोलले, ती कात्री चालवेल तेवढं, आणि मग गप्प झाले, कारण बोलायची गरजच नव्हती. तिने दोरी कापली. लोकांनी दोन तुकडे पाहिले, मी दोन तुकडे पाहिले, हातात घेऊन ओढून पाहिले. तिने ते माझ्या तळहातावर ठेवले, माझीच मूठ मिटवली, वरून स्वतःचे दोन्ही हात ठेवले. तिचे हात गरम होते. मग तिने बाजूला केले. मी मूठ उघडली.

एकच दोरी. अखंड.

माझ्या मुठीत होती हो! मला काही कळलं नाही. मी त्या जादूगाराची पोटची पोर, आणि हजार घरांतल्या हजार माणसांसारखी आ वासून उभी. तो चेहरा कॅप्टनने पडदाभर दाखवला. दाखवू दे.

लोक उभे राहिले. मला वाटलं होतं टाळ्या होतील; ह्या टाळ्या नव्हत्या, हे काहीतरी कोसळत होतं. पहिल्या रांगेत डॉक्टर आणि त्यांची बायको हात डोक्यावर नेऊन वाजवत होते. नवरा शिट्टी मारत होता, त्याला शिट्टी येत नाही तरी.

आणि आईला काय करायचं ते कळेना. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग तिचा उजवा हात आपोआप उठला, तळवा वर, आणि बाजूला पसरला. माझ्याकडे. टाळ्या माझ्याकडे वळवत. आयुष्यभर तिने शेजारच्या माणसाकडे हा हात असाच केला होता, हजारो रात्री, आणि सगळी नाट्यगृहं त्या हाताच्या दिशेने बघत आली होती. मीसुद्धा.

मी दोन पावलं मागे सरकले. मग आणखी दोन. उजेडाच्या बाहेर, पडद्याच्या काळोखात.

आईचा हात तसाच पसरलेला राहिला. तिने वळून बघितलं. तिथे कुणी नव्हतं. तिने मला अंधारात शोधलं, आणि सापडले तेव्हा डोळे वटारले, लहानपणी वटारायची तसे. मी मान हलवली. नाही. येणार नाही.

मग तिचा हात हळूहळू खाली आला. दोन्ही हात तिने एकमेकांत धरले. समोर बघितलं. आणि एकटीने, जरा चुकत, जरा जास्तच खाली वाकून, तिने नमस्कार केला.